उदाहरण की सवाल? रासायनिक आकडेमोडीच्या अध्यापनाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या वर्गात शिक्षक "हे उदाहरण सोडवा" असे सांगतात. उर्दू माध्यमाच्या वर्गात त्याच कामासाठी "ये सवाल हल कीजिए" असे म्हटले जाते. दोन्ही शब्दांमागची कल्पना मात्र एक नाही. उदाहरण म्हणजे आधी सांगितलेल्या नियमाचा दाखला. तो नियमानंतर येतो. सवाल म्हणजे विचारणा. तिला उत्तर हवे असते आणि त्या उत्तरासाठी नियमाची गरज भासते. माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरावर रसायनशास्त्रातील आकडेमोड शिकवताना हा फरक निर्णायक ठरतो. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, दिलेल्या संख्या सूत्रात भरतात आणि उत्तर काढतात. पण ते उत्तर कशाचे आहे, हे विचारले की थांबतात.

अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात मोल, टक्केवारी, अभिक्रियेतील वस्तुमानांचे प्रमाण आणि मर्यादित अभिकारक हे विषय येतात. म्हणजे विज्ञान शाखेच्या उंबरठ्यावरच ही आकडेमोड उभी आहे. येथे पाय अडखळला की पुढचे द्रावणांचे, आम्ल-अल्कलींचे, विद्युत रसायनाचे सारेच धडे कठीण होतात. शाळेतून एकदा बाहेर पडून पुन्हा शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांना ही अडचण नवी नाही.

सिल्वासासारख्या गावी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दादरा आणि नगर हवेली हा प्रदेश २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला, १९६१ मध्ये केंद्रशासित प्रदेश बनला आणि २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीवशी एकत्र करण्यात आला. करसवलतींमुळे गेल्या काही दशकांत येथे कृत्रिम धागा, प्लास्टिक आणि रसायनांशी संबंधित कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुले गुजराती, मराठी, हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरची बोली बहुधा यांपैकी कोणतीच नसते. अशा मुलाच्या दृष्टीने द्रावणाची तीव्रता किंवा पदार्थाची शुद्धता हा केवळ परीक्षेचा भाग नाही. उद्या कारखान्यात, पाणीपुरवठा केंद्रात किंवा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तोच हिशेब त्याला करावा लागणार आहे.

प्रश्नाधारित अध्यापन ही पद्धत अलीकडे परदेशातून आली, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात रासायनिक आकडेमोडीचा इतिहास थोडक्यात पाहून दोन गोष्टी मांडल्या आहेत. पहिली, ही आकडेमोड मुळातच टांकसाळ, भट्टी आणि बाजार यांतील सवालांतून जन्माला आली. दुसरी, इतिहासात ज्या जागी विद्वान अडले, नेमक्या त्याच जागी आजचा विद्यार्थी अडतो; म्हणून प्रश्नाधारित तासांचा भर त्या जागांवर असावा.

कसाचे गणित : पाटणे आणि टांकसाळ

आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे हे गाव आहे. तेथील शके ११२८ च्या, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या आणि घराण्यातील इतरांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील येतो. गणिताच्या अध्ययनाची सोय करणारा हा लेख स्वतःच हिशेबाच्या भाषेत संपतो, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक, पंचराशिक असे प्रमाणाचे नियम आहेत. त्रैराशिक त्यांच्याही आधीचे. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने ते दिले आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने आवर्जून पाहावा असा 'लीलावती'तील भाग म्हणजे सुवर्णगणित. वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र वितळवले तर मिश्रणाचा कस किती, हा त्याचा विषय. त्यातील एका प्रश्नाचे आकडे असे : १३ वर्णाचे १० मासे, १२ वर्णाचे ४ मासे, ११ वर्णाचे २ मासे आणि १० वर्णाचे ४ मासे सोने एकाच मुशीत वितळवले. या गणितात पूर्ण शुद्ध सोने १६ वर्णांचे धरले आहे. मिश्रणाचा वर्ण किती?

आजचा विद्यार्थी घाईने १३, १२, ११ आणि १० यांची सरासरी काढून साडेअकरा असे उत्तर देतो. ते चुकीचे आहे, कारण चारही तुकड्यांची वजने सारखी नाहीत. प्रत्येक तुकड्याचे वजन आणि वर्ण यांचा गुणाकार करून बेरीज केली तर १३० + ४८ + २२ + ४० म्हणजे २४० येतात. एकूण वजन २० मासे. म्हणून वर्ण १२. प्रश्न येथे थांबत नाही. हेच सोने शुद्ध करून १६ मासे उरले तर वर्ण किती? २४० भागिले १६ म्हणजे १५. आणि शुद्धीनंतर वर्ण पूर्ण १६ झाला तर वजन किती उरेल? २४० भागिले १६ म्हणजे १५ मासे.

या तिन्ही उत्तरांत २४० हा आकडा बदलत नाही. वजन घटते, वर्ण वाढतो, पण त्यांचा गुणाकार कायम राहतो. कारण भट्टीत हीण जळून जाते, सोने जात नाही. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम त्या काळी कोणी मांडलेला नव्हता. परंतु सोने कुठे नाहीसे होत नाही, ही सराफाची रोजची खात्री या हिशेबाच्या मुळाशी आहे. भास्कराचार्यांनीही आधी सूत्र आणि मग प्रश्न हाच क्रम ठेवला आहे, हे खरे. तथापि त्यांचा प्रश्न हवेत सोडलेला नाही. तो सोन्याचा हिशेब जाणणाऱ्या व्यापाऱ्याला उद्देशून विचारलेला आहे. ज्याला उत्तराची गरज आहे असा माणूस प्रश्नातच उभा आहे.

हे ज्ञान एका भाषेत बंदिस्त राहिले नाही. भास्कराचार्यांच्या आधी सुमारे शतकभर, ख्वारिज्म येथे ९७३ मध्ये जन्मलेल्या अल्-बिरूनीने भारतीय त्रैराशिकावर अरबीत स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्यानेच धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून सांडलेल्या पाण्यावरून त्यांची सापेक्ष घनता काढली. अल्-खाजिनीने ११२१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'मीजानुल हिकमत' या ग्रंथात हीच परंपरा पुढे नेली. मिश्रधातूत सोने किती आणि चांदी किती, हे न वितळवता तराजूने ओळखणे हा त्या ग्रंथातील एक प्रमुख सवाल आहे. १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. भास्कराचार्यांच्या लीलावती नावाच्या कन्येची जी कथा घरोघरी सांगितली जाते, ती मुख्यतः याच भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली.

फैजीचा धाकटा भाऊ अबुल फजल याच्या 'आईन-ए-अकबरी'त टांकसाळीचे वर्णन विस्ताराने आले आहे. तेथे 'बनवारी' म्हणजे कसोटीच्या दगडावर ठराविक कसाच्या सुयांशी तुलना करून सोन्याचा कस ठरवण्याची रीत आहे. वितळवताना आणि शुद्ध करताना होणाऱ्या घटीचे हिशेब आहेत. आणि समान आकारमानाच्या धातूंच्या वजनांचा तक्ता अल्-बिरूनीच्या आधाराने दिला आहे. फारसीत पूर्ण कस दहाचा मानत, तर हिंदुस्थानात बारा बनींचा, असेही अबुल फजल नोंदवतो. भास्कराचार्यांचे शुद्ध सोने सोळा वर्णांचे, मराठी बोलीतले बावनकशी आणि आजच्या पेढीवरचे चोवीस कॅरेटचे. सोने तेच, मोजपट्टी वेगळी. एकक हा माणसांनी केलेला करार असतो, हे विद्यार्थ्याला पटवण्यासाठी याहून सोपा दाखला मिळणे कठीण. पुढे मोल शिकवताना हीच समजूत कामी येते.

मराठी भाषेत हा इतिहास आजही बोलता आहे. कसोटी, हिणकस, कस लागणे हे शब्द सोन्याच्या बाजारातून आले. हिशेब, वजन, वजा, बाकी, रक्कम, सराफ हे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत स्थिरावले. ज्या किमयेवरून पाश्चात्त्य भाषांतील रसायनशास्त्राचे नाव पडले, तो शब्दही मराठीत आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला मराठी वर्गात किंवा उलट बसावे लागते, तेव्हा शिक्षकाने हे शब्द फळ्यावर लिहिले तर परकेपणा बराच कमी होतो.

वजनाकडून मोजणीकडे

सुवर्णगणिताची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. सोन्यात तांबे मिसळले तरी सोने सोनेच राहते. रासायनिक अभिक्रियेत मात्र पदार्थच बदलतो. चुनखडी भाजली की चुनखडी उरत नाही. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या ५६ किलो चुन्यात १८ किलो पाणी मुरले की ७४ किलो विरी गेलेला चुना तयार होतो. भट्टीवाल्याला वजनातील घट शतकानुशतके ठाऊक होती. ती घट ठराविक का असते, याचे उत्तर मिळायला अठरावे शतक उजाडावे लागले.

फ्रान्समध्ये लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात अभिक्रियेपूर्वी आणि नंतर वस्तुमान सारखेच असते, हे तत्त्व रसायनशास्त्राच्या पायाशी ठेवले. जर्मनीत रिश्टरने आम्ल आणि अल्कली परस्परांना कोणत्या वजनी प्रमाणात उदासीन करतात याची मोजणी केली आणि १७९२ मध्ये या हिशेबाला 'स्टॉइकिओमेट्री' हे नाव दिले. येथपर्यंत त्रैराशिक पुरेसे होते. एका वजनाला दुसरे वजन किती, एवढाच प्रश्न होता.

१८०८ मध्ये डाल्टनने अणुसिद्धान्त मांडला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता वजनामागे अणूंची संख्या आली. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे, असे डाल्टनने गृहीत धरले. त्यामुळे ऑक्सिजनच्या अणूचे सापेक्ष वजन आजच्या मानाने निम्म्याहूनही थोडे कमी आले. १८११ मध्ये इटलीच्या आव्होगाड्रोने समान तापमान आणि दाब असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, असे सुचवले. त्याकडे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. एकच पदार्थ वेगवेगळे रसायनतज्ज्ञ वेगवेगळ्या सूत्रांनी लिहीत राहिले. १८५८ मध्ये कानिझारोने आव्होगाड्रोच्या कल्पनेवरून अणुभारांची सुसंगत मांडणी केली आणि सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथील परिषदेत ती युरोपातील रसायनतज्ज्ञांसमोर आली. वजन आणि संख्या यांची सांगड बसायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला.

हा तपशील शिक्षकासाठी महत्त्वाचा आहे. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात, हे समीकरण पाहून पुष्कळ विद्यार्थी दोन ग्रॅम हायड्रोजन आणि एक ग्रॅम ऑक्सिजन घेतात. मग तीन ग्रॅम पदार्थांपासून दोन ग्रॅम पाणी कसे झाले, हे त्यांना सांगता येत नाही. प्रत्यक्षात ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ३६ ग्रॅम पाणी मिळते. समीकरण रेणू मोजते, तराजू वजन करतो. या दोहोंतील अंतर ज्याच्या ध्यानात आले नाही, त्याला मोल कधीच कळत नाही. जेथे डाल्टनच्या पिढीला वाट सापडली नाही, तेथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने एका तासात पार व्हावे, ही अपेक्षा अवाजवी आहे.

मोल हा या अंतरावरचा पूल. हा शब्द १८९० च्या दशकात ओस्टवाल्डने रूढ केला. १९७१ मध्ये मोलला आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील मूलभूत एककाचा दर्जा मिळाला. तेव्हा त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर आधारली होती. २० मे २०१९ पासून ती बदलून एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, अशी थेट संख्येवर बांधली गेली. वर्गात याची सुरुवात हार्डवेअरच्या दुकानापासून करता येते. सुतार खिळे मोजून घेत नाही, किलोवर घेतो. पण एक किलो चुका आणि एक किलो मोठे खिळे यांत नग सारखे नसतात. नग सारखे हवे असतील तर वजने वेगळी घ्यावी लागतात. मोलमागची कल्पना एवढीच आहे.

देशी भाषांतील प्रयत्न

आधुनिक विज्ञान आपल्या भाषांत आणताना सवालाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. दिल्ली कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उर्दूतून विज्ञान शिकवले जात होते. तेथील शिक्षक मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये महत्तम आणि लघुतम मूल्यांवरील प्रश्नांचा ग्रंथ कलकत्त्यात प्रसिद्ध केला. कलनशास्त्राऐवजी येथील बुद्धीला परिचित असलेल्या बीजगणिताने ते प्रश्न सोडवावेत, अशी त्यांची भूमिका होती. ग्रंथाची रचनाच प्रश्नांची होती. गणितज्ञ डी मॉर्गन यांना त्याचे मोल वाटले आणि १८५९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तो लंडनहून पुन्हा प्रसिद्ध झाला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू करून मराठी वाचकाला शास्त्रीय विषयांची गोडी लावली.

बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. त्याची धुरा वाहणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनतज्ज्ञ होते. रंगकाम आणि औद्योगिक रसायन हे विषय तेथे देशी भाषेतून आणि प्रत्यक्ष कामातून शिकवले जात. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले तेव्हा संगमरवराला इजा न होता ते काढणे हा मोठाच सवाल होता. गज्जरांनी तो सोडवला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांच्या शिष्यवर्गाच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेम्बिक ही कंपनी उभी राहिली. प्रश्नातून शिकलेले रसायन उद्योग उभारू शकते, याचा हा सिल्वासापासून फार दूर नसलेला पुरावा आहे.

हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये भाषांतर विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. रसायनशास्त्रासह सर्व विषय उर्दूतून शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि तेव्हा मराठवाडा त्या संस्थानात असल्याने अनेक मराठी भाषक विद्यार्थीही त्याच वाटेने गेले. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा घडवण्याविषयीचा 'वज-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ १९२१ मध्ये आला. मराठीत आणि उर्दूत परिभाषेसाठी असे कष्ट घेतले गेले. या साऱ्या ओघात शब्द मिळाले. परंतु शालेय पुस्तकांत सवालाची जागा हळूहळू उदाहरणाने घेतली. सूत्र, त्याखाली एक सोडवलेले उदाहरण आणि त्याखाली तशीच दहा, हा साचा पक्का झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात या साच्याला धक्का देण्याचे प्रयत्न झाले. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषा ग्रामीण विद्यार्थ्याला विज्ञानापासून कशी दूर ठेवते, याकडे त्या केंद्राच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले. पाटणे आणि खिरोदा ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातील आहेत, हा योगायोग येथे नमूद करावासा वाटतो. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञानाची शाळेबाहेरच्या जीवनाशी सांगड घालण्याचा आग्रह धरला.

प्रश्नाधारित अध्यापन : उगम आणि आक्षेप

प्रश्नाधारित अध्यापनाचे आजचे रूप कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासक्रमातून पुढे आले. विद्यार्थ्यांच्या लहान गटापुढे रुग्णाची अडचण ठेवायची. काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते कोठून मिळवायचे हे गटाने ठरवायचे. शिक्षकाने मार्गदर्शक म्हणून सोबत राहायचे. नंतर ही पद्धत इतर विद्याशाखांत आणि शाळांत पसरली.

तिच्यावर आक्षेपही आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात असे मांडले की, विषयात नवख्या असलेल्या विद्यार्थ्याला अपुऱ्या मार्गदर्शनासह प्रश्नात सोडले तर त्याच्या स्मृतीवर अवाजवी ताण येतो आणि शिकणे घडत नाही. अशा विद्यार्थ्याला पायरीपायरीने सोडवलेली उदाहरणे अधिक उपयोगी पडतात. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. गटातील एक हुशार मुलगा उत्तर काढतो आणि बाकीचे उतरवून घेतात, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. म्हणून उदाहरण टाकून देऊन केवळ सवाल ठेवणे हा उपाय नव्हे. क्रम बदलणे हा उपाय आहे. आधी सवाल, मग विद्यार्थ्यांचा अंदाज, मग नियम आणि सोडवलेले उदाहरण, मग सराव आणि शेवटी पुन्हा मूळ सवाल.

सिल्वासाच्या वर्गासाठी एक सवाल

या क्रमाचा एक नमुना पाहू. पावसाळ्यात पाड्यावरच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी लागते. खेड्यापाड्यांत तिला टीसीएल म्हणतात. विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे. पावडर किती टाकावी?

पहिली पायरी पाण्याची. वर्तुळाकार विहिरीतील पाणी सुमारे २८.३ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २८,३०० लिटर भरते. चांगल्या प्रतीच्या पावडरीचे ढोबळ प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम असे सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत दिलेले असते. त्रैराशिकाने उत्तर येते सुमारे ७१ ग्रॅम. येथपर्यंत बहुतेक विद्यार्थी पोहोचतात.

आता सवालाला वळण द्यावे. हे प्रमाण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असलेल्या पावडरीचे आहे. पोते उघडे राहिले, ओल लागली आणि उपलब्ध क्लोरीन २० टक्क्यांवर आले. आता किती पावडर लागेल? वर्गातील काही मुले सवयीने सरळ त्रैराशिक मांडतात : ३३ ला ७१, तर २० ला किती? उत्तर येते ४३ ग्रॅम. शिक्षकाने लगेच चूक दाखवू नये. "पावडर कमजोर झाली आणि आपण ती आणखी कमी टाकतो आहोत, विहिरीत काय होईल?" एवढेच विचारावे. ४३ ग्रॅम कमजोर पावडरीतून मिळणारे क्लोरीन गरजेच्या ४० टक्केही नसते. ते पाणी पाड्यावरची मुले पिणार आहेत. चुकीचे उत्तर येथे लाल शाईने खोडले जात नाही. त्याचा परिणाम डोळ्यांसमोर उभा राहतो.

बरोबर उत्तर ११७ ग्रॅम आहे. ७१ ग्रॅमचे ३३ टक्के आणि ११७ ग्रॅमचे २० टक्के, दोन्ही २३.४ ग्रॅमच येतात. भास्कराचार्यांच्या सोन्यात २४० हा आकडा जसा कायम राहिला, तसा येथे २३.४ कायम आहे. कस उतरला की वजन वाढवावे लागते. सोन्याचा कस आणि वजन यांना 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिकाच्या कक्षेत घेतले आहे, ते याच कारणाने. नियम सांगायची वेळ ही आहे, कारण आता विद्यार्थ्याला त्याची गरज भासली आहे.

यानंतर मुले स्वतःहून पुढचे प्रश्न विचारू लागतात. उपलब्ध क्लोरीन म्हणजे नेमके काय? गढूळ पाण्याला पावडर जास्त का लागते? येथे शिक्षकाने स्पष्ट करावे की १००० लिटरला २.५ ग्रॅम हे ढोबळ माप आहे. पाण्याची प्रत्यक्ष गरज हॉरॉक्स उपकरणाने ठरवतात आणि तासाभराच्या संपर्कानंतर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का, हे तपासून खात्री करतात. शौचालय साफ करण्याचे आम्ल आणि ही पावडर एकत्र केली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, ही सूचनाही याच तासाला द्यावी. ही अभिक्रिया लिहून काढताना रेणूंची संख्या आणि वजन यांतील फरक पुढे येतो आणि मोलची गरज आपोआप निर्माण होते.

अशा एका सवालाला दोन किंवा तीन तास लागतात. सर्व अभ्यासक्रम या रीतीने पूर्ण होणार नाही आणि तसा आग्रहही नसावा. शुद्धतेचे व्यस्त प्रमाण आणि वजनाकडून संख्येकडे जाण्याची पायरी, या दोन जागी वेळ खर्च केला तर उरलेली बरीचशी आकडेमोड नेहमीच्या सरावाने उरकता येते. गटातील प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा. कोणाची विहीर रुंद, कोणाची पावडर जुनी. म्हणजे उत्तर उतरवून घेता येत नाही, पण रीत परस्परांना समजावून सांगता येते. समजावून सांगताना वारली वा कोकणा बोली वापरली गेली तर ती थांबवू नये. हिशेब बोलीत कळला की पुस्तकी मराठीत किंवा गुजरातीत लिहिणे अवघड जात नाही.

समारोप

रासायनिक आकडेमोडीच्या इतिहासात सराफ, टांकसाळीचा अधिकारी, चुनाभट्टीवाला आणि रंगारी यांचे सवाल आधी आले आणि विद्वानांचे नियम मागाहून. पाटण्याचा मठ, फैजीचे फारसी भाषांतर, मास्टर रामचंद्रांचे प्रश्न आणि बडोद्याचे कलाभवन यांचा काळ, भाषा आणि धर्म वेगवेगळे असले तरी प्रमाणाचा धागा त्यांच्यातून सलग गेलेला दिसतो. प्रश्नाधारित अध्यापन ही परकी पद्धत म्हणून नाकारण्याचे किंवा नवी म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. शिक्षकाने एवढे पाहावे की, आपण विद्यार्थ्यापुढे ठेवत आहोत ते उत्तराची वाट पाहणारे कोणी नसलेले उदाहरण आहे, की ज्याचे उत्तर चुकले तर विहिरीचे पाणी चुकेल असा सवाल आहे.

दहावीनंतर शाळा सोडून कारखान्यात लागलेला आणि काही वर्षांनी सामुदायिक महाविद्यालयाच्या बाकावर परतलेला विद्यार्थी डब्यावरच्या टक्केवारीचे आकडे रोज पाहत आलेला असतो. ते आकडे कोणीतरी दुसरा वाचतो आणि त्याला फक्त किती ओतायचे ते सांगितले जाते. तो हिशेब त्याचा त्याला करता यावा, सांगितलेले माप चुकत असेल तर ते ओळखता यावे आणि तसे बोलून दाखवता यावे, हे या अध्यापनाचे माफक परंतु आवश्यक उद्दिष्ट ठरते.